झोळी न घेता: नव्या मिशनमधली पहिली दोन वर्षं

दरवर्षी आमच्या ख्रिस्ती संन्यासिनींच्या संघातून दोन-तीन तरुण सिस्टर परदेशातल्या मिशनवर जातात, आणि निघण्याआधी बहुतेकजणी माझ्याकडे येऊन बसतात. मी नर्स. अशाच एका मिशनच्या दवाखान्यात चौदा वर्षं काढली, म्हणून. प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असतो: “सिस्टर, सोबत काय काय नेऊ?” मी तिला लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडायला सांगते. प्रभूनं शिष्यांना दोघादोघांच्या जोड्या करून पाठवलं तेव्हा पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत असं बजावलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं मात्र आपण भरभर वाचून जातो. ज्या घरात घेतील त्याच घरात राहा, ते वाढतील ते खा, या घरातून त्या घरात फिरत बसू नका. म्हणजे त्यानं त्यांना जाणूनबुजून गरजू करून पाठवलं. जेवायला, निजायला, रस्ता विचारायला त्या गावातल्या माणसांवाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं.

मला नव्यांना सांगायचंय ते एवढंच आहे. आपण द्यायला चाललोय अशा भरल्या मनानं आपण विमानात बसतो. शिक्षण, औषधं, शुभवार्ता, सगळं आपल्याकडे आहे आणि तिकडे त्याची वाट बघताहेत, असं वाटत असतं. उतरल्यावर पहिली दोन वर्षं मात्र आपण फक्त घेत असतो. भाषा घेतो, वेळ घेतो, लोकांचा धीर घेतो. हे घेणं जिला मनापासून जमतं तीच तिथं रुजते. मला ते उशिरा जमलं आणि तोवर मी काही चांगल्या माणसांना दुखावलं, याची खंत अजून जात नाही.

ज्या देशात होते त्याचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांच्या घरातल्या गोष्टी मी त्यांना विचारून आणलेल्या नाहीत. शिवाय मला दरवर्षी भेटणाऱ्या मुली वेगवेगळ्या दिशांना जातात आणि सुट्टीवर आल्या की जवळजवळ तेच बोलतात.

मराठी माणसाला ही गोष्ट दुसऱ्या टोकानं ठाऊक आहे, किंवा असायला हवी. इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा त्यांना आपल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं १६१६ साली. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही आपल्या संतांच्या वळणाच्या. उतरण्यापासून पुस्तकापर्यंत सदतीस वर्षं गेली. या सदतीस वर्षांत त्यांच्यासमोर बसून कुणी ओवी म्हटली असेल, कुणी उच्चार सुधारले असतील, कुणी पोथी वाचून दाखवली असेल. त्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. तुम्ही निघताना स्टीफन्सना आठवा, पण त्यांना शिकवणाऱ्यांना जास्त आठवा. तुम्हाला तशीच माणसं शोधायची आहेत.

आधी कागदपत्रांचं उरकून घेऊ, कारण भावनेच्या भरात इकडेच दुर्लक्ष होतं. संघ आणि तिथले बिशप यांच्यात लेखी करार असावा लागतो, कॅथलिक धर्मसभेच्या कायद्याचं ६८१ वं कलम तेच सांगतं. काम कोणतं, किती जणी, पैशांची व्यवस्था काय, हे त्यात येतं. एका बिशपांच्या हाताखालचे, म्हणजे धर्मप्रांतीय, फादर दुसऱ्या देशात जाणार असतील तर त्यांच्यासाठी २७१ वं कलम आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली ‘फिदेई दोनुम’ या विश्वपत्रातून आफ्रिकेसाठी धर्मगुरू मागितले, तेव्हापासून असे ठरावीक मुदतीसाठी गेलेले कितीतरी फादर आहेत. आपला करार आपण स्वतः वाचायचा. सुपिरियरनं, म्हणजे आपल्या प्रमुख सिस्टरनं, वाचलाय म्हणजे झालं, असं समजू नका. आजारी पडलात तर खर्च कोणाचा, घरी सुट्टीवर किती वर्षांनी, आई-वडील अत्यवस्थ असतील तर येता येईल का, हे जाण्याआधी विचारलं तर कुणाला राग येत नाही. तिथं गेल्यावर विचारलं तर मन लागत नाही असा अर्थ निघतो. व्हिसा धार्मिक कामाचा आहे ना, तेही पाहा. पर्यटक म्हणून शिरून काम करत राहणं तुम्हालाही अडचणीत आणतं आणि ज्या बिशपांनी बोलावलं त्यांनाही.

लस लवकर घ्या. पिवळ्या तापाची लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या भागात जात असाल तर गोळ्या नियमानं घ्या आणि मच्छरदाणीत झोपा. लोकांसारखं राहायचं म्हणून मच्छरदाणी न लावणाऱ्या एका बहिणीची मी तीन आठवडे शुश्रूषा केली आहे. तिथल्या लोकांच्या अंगात लहानपणापासूनच्या आजारांमुळे जी थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते ती आपल्यात नसते, आणि आपल्या आजारपणाचा भार शेवटी त्यांच्यावरच पडतो.

आता भाषा. इथं जरा लांबण लावणार आहे, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ रोजी मिशनकार्याविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात मिशनऱ्यानं भाषा किती शिकावी तेही सांगितलंय: ओघानं आणि नेटकेपणानं बोलता येईल इतकी. कामापुरती आली म्हणजे पुरे, असं तिथं म्हटलेलं नाही. मदर तेरेसा १९२८ साली घरातून निघाल्या त्या आधी आयर्लंडला, इंग्रजी शिकायला. १९२९ च्या जानेवारीत कलकत्त्याला पोचल्या आणि मग बंगाली शिकल्या. आपण ज्या कामासाठी त्यांना ओळखतो त्याच्या खूप आधी त्या दोन परक्या भाषांच्या विद्यार्थिनी होत्या.

पहिलं वर्ष भाषेसाठी मोकळं मिळावं म्हणून आग्रह धरा. दवाखान्यात माणूस कमी आहे, शाळेत शिक्षिका नाही, असं सांगून पहिल्याच महिन्यात कामाला जुंपण्याचा प्रयत्न होईल. करणारी माणसं वाईट नसतात, थकलेली असतात. पण एकदा कामाला लागलात की दुभाष्याची सवय लागते आणि ती दहा वर्षं सुटत नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका सिस्टरचं असंच झालं. फार हुशार, फार कष्टाळू. शेवटपर्यंत लोक तिच्याशी मोठ्यानं आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे.

माझी पद्धत साधी होती. सकाळी एका माणसाकडून पाच वाक्यं शिकायची, ती ऐकून ऐकून तोंडात बसवायची, आणि मग बाहेर पडून तीसेक माणसांशी तीच पाच वाक्यं बोलायची. “मी भाषा शिकते आहे. मला एवढंच येतं. उद्या आणखी शिकून येईन.” यापासून सुरुवात. तिसाव्या माणसापर्यंत पोचता पोचता वाक्य आपलं झालेलं असतं. लिहिणं नंतर. आधी लिहून घेतलं की आपण ते देवनागरीत लिहितो आणि आपल्याच उच्चारांनी वाचतो. जी भाषा स्वरांच्या चढउतारावर चालते तिथं तर याचा फार घोळ होतो, कारण चढउतार आपल्या लिपीत उतरतच नाही. शिकायचं ते मुलांकडून आणि म्हाताऱ्यांकडून. त्यांना वेळ असतो, आणि मुलं चूक सोडत नाहीत. आपल्याआधी आलेल्या परदेशी मिशनऱ्यांकडून मात्र भाषा शिकू नका. त्यांच्या वीस वर्षं मुरलेल्या चुका तुम्हाला आयत्या मिळतील.

प्रार्थना पाठ झाली म्हणजे भाषा आली, असं समजू नका. जपमाळ आणि मिस्सेतली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, उत्तरं दोन महिन्यांत तोंडात बसतात. देवळातली माणसं कौतुक करतात, आणि आपल्याला वाटतं, चाललंय. फादरांना हा धोका आणखी जास्त, कारण लिहून घेतलेलं प्रवचन वाचता येतं. वाचून झाल्यावर दारात कुणी दोन शब्द विचारले की गाडी अडते.

सातव्या महिन्यातली गोष्ट. दवाखान्यात एक आजी आल्या होत्या, गुडघा धरून बसलेल्या. दुखण्यासाठी त्या भाषेत दोन शब्द आहेत हे मला ठाऊक नव्हतं. एक अंगाच्या दुखण्याचा, दुसरा माणूस गेल्याच्या दुःखाचा. मी दुसरा वापरला. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावरचा हात काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि बोलायला लागल्या. पंधरा-वीस मिनिटं बोलल्या. मला त्यातलं मुलगा, पाणी आणि रात्र एवढंच कळलं. बाहेर रांग वाढत होती. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी दारातून डोकावलं, माझ्या हातातला केसपेपर काढून घेतला आणि काही न बोलता दार ओढून घेतलं. रांगेला त्यांनीच थांबवून धरलं असणार. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं: आजींचा मुलगा चार वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला होता. इतकी वर्षं त्या दवाखान्यात येत होत्या, पण हे त्यांना तिथं कुणी कधी विचारलं नव्हतं.

मीही विचारलं नव्हतं. माझ्याकडून चुकून विचारलं गेलं होतं. ती रात्र मला फार जड गेली. दोन दिवसांनी मी आजींच्या घरी गेले आणि खरं ते सांगितलं: “त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला कळलं नाही. पुन्हा सांगाल का?” त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, मधे मधे थांबून, एकेक शब्द माझ्याकडून वदवून घेत. पुढं कितीतरी वर्षं मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन बसत असे. माझ्या भाषेतलं जे काही बरं आहे ते त्या ओसरीवरचं आहे.

रोजचे शब्द चुकले तर लोक सांभाळून घेतात. जड शब्द मात्र आपल्या मनानं वापरू नयेत. देव, आत्मा, पाप, कृपा, तारण. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानच्या कागोशिमाला उतरले तेव्हा त्यांचा सगळा भार अंजिरो नावाच्या जपानी साथीदारावर होता. परमेश्वरासाठी त्यांनी ‘दाइनिची’ हा शब्द घेतला. तो बौद्ध परंपरेतल्या एका बुद्धाचं नाव. काही भिक्षूंना वाटलं, हा आपल्यातलाच. खरा अर्थ उलगडल्यावर झेवियरनी तो शब्द टाकून लॅटिनमधलाच शब्द घेतला. इतक्या मोठ्या संताची ही चूक मला धीर देते आणि सावधही करते. तिथली धर्मसभा जो शब्द वापरते तोच वापरा, आणि ख्रिस्ती होण्याआधी त्या शब्दाचा अर्थ काय होता हे एखाद्या जुन्या धर्मशिक्षकाला विचारून ठेवा.

धर्मशिक्षकाचं नाव निघालंच आहे तर सांगते. फादर महिन्यातून एकदा पोचतात अशा कितीतरी ठिकाणी रविवारची प्रार्थना तोच चालवतो, मुलांना स्नानसंस्कारासाठी (बाप्तिस्म्यासाठी) तोच तयार करतो, मरणाच्या घरी सगळ्यात आधी तोच पोचतो. शिकलेला कमी असेल, पण त्या धर्मग्रामाचा, म्हणजे चर्चभोवतीच्या त्या समाजाचा, कणा तो आहे. मी पहिल्या वर्षी आमच्याकडच्या धर्मशिक्षकांना एका बैठकीत सगळ्यांदेखत दुरुस्त केलं. माझं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी मान हलवली आणि पुढचे सहा महिने माझ्यासमोर तोंड उघडलं नाही. मी माफी मागायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं मला बसायला पाट दिला आणि ते स्वतः बाहेरच उभे राहिले. हळूहळू निवळलं, पण त्या सहा महिन्यांत त्यांनी मला जे सांगितलं असतं ते गेलंच.

आपण स्वतःला काय समजतो यापेक्षा लोक आपल्याला कोण समजतात हे आधी शोधावं. मिशनरी फादर मात्तेओ रिच्ची १५८३ साली चीनमधल्या झाओचिंगला राहायला गेले ते बौद्ध भिक्षूंच्या वेशात. धर्माचा माणूस आहे हे लोकांना सहज कळावं, हा हेतू. दहा-बारा वर्षं गेल्यावर लक्षात आलं की ज्या विद्वानांशी त्यांना बोलायचं होतं त्यांच्या लेखी त्या वेशाला मान नाही. १५९५ मध्ये त्यांनी विद्वानांचा वेश घेतला, आणि त्याच वर्षी मैत्रीवर चिनी भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं. कपडे बदला असं मी म्हणत नाही. पण परदेशी, पांढऱ्या झग्यातली, गाडीतून उतरणारी बाई म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढं कोण येतं? सरकारी अधिकारी? देणगी वाटणारी संस्था? एखाद्या जुन्या सत्तेची माणसं? हे विचारायला धीर लागतो, आणि खरं उत्तर मिळायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

आता त्या दिवसांविषयी, ज्यांबद्दल घरी पत्रात कुणी लिहीत नाही.

पहिले दोन-तीन महिने छान जातात. सगळं नवं, सगळं सुंदर. मग एक दिवस सगळ्याचा वीट येतो. आवाजाचा, उशिराचा, लोकांच्या बघण्याचा. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये एका भाषणात या अवस्थेची लक्षणं मांडली होती, आणि त्याचं ‘कल्चर शॉक’ हे नाव तेव्हापासून रूढ झालं. लक्षणं बघा: सारखे हात धुणं, पिण्याच्या पाण्याची आणि अंथरुणाची नको इतकी काळजी, आपल्याला फसवतील अशी भीती, छोट्या उशिरानं संताप, बारीकसारीक दुखण्याचा बाऊ, आपल्याच देशाच्या माणसांना चिकटून राहणं, आणि घराची जीवघेणी ओढ. यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी चकित झाले, कारण नवव्या महिन्यात मी दिवसातून वीस वेळा हात धूत होते आणि नर्स आहे म्हणून धुते, असं स्वतःला सांगत होते.

आपण व्रतस्थ लोक इथं एक जास्तीची चूक करतो. आपण त्याला आध्यात्मिक नाव देतो. माझं पाचारणच, देवाची हाकच, खोटं होतं, माझा विश्वास कमी पडतोय, देवानं पाठ फिरवली. तसं नसतं. मेंदू आणि शरीर थकलेलं असतं, कारण भाजी घेण्यापासून नमस्कार करण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट विचार करून करावी लागते. झोपा, नीट जेवा, रोज चाला, प्रार्थनेचा वेळ आहे तेवढा सांभाळा आणि त्या अवस्थेत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. आठवडे उलटूनही झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र प्रार्थनेवर भागवू नका. सुपिरियरला सांगा, डॉक्टरांकडे जा.

संत योझेफ फ्राइनाडेमेट्झ हे चीनमधल्या मिशनसाठी १८७९ मध्ये हाँगकाँगला पोचले. त्यांच्या सुरुवातीच्या पत्रांत चिनी लोकांबद्दल कडवटपणा आहे, तो आज वाचतानाही टोचतो. तोच माणूस पुढं चीनवर इतका जीव लावून बसला की स्वर्गातही मला चिनीच व्हायचंय, अशा अर्थाचं लिहून गेला. १९०८ साली टायफस झालेल्या लोकांची सेवा करता करता तोच आजार होऊन ते तिथंच वारले, आणि २००३ मध्ये त्यांना संतपद मिळालं. तुमच्या मनात या लोकांविषयी कडू विचार आले तर स्वतःला लगेच नालायक ठरवू नका. फक्त ते विचार घरच्या पत्रांत आणि फोनवर ओतू नका. लिहिलेलं आणि बोललेलं मनात घट्ट होत जातं.

एकटेपणाचं औषध मला दोन ठिकाणी सापडलं. एक, कार्डिनल लाव्हिजरी यांनी १८६८ मध्ये आफ्रिकेसाठी मिशनरी संघ काढला तेव्हा घातलेला नियम: एका घरात तिघांपेक्षा कमी नकोत. एकीशी बिनसलं तर तिसरी असते. तुम्हाला एकटीनं किंवा दोघींनीच राहायला पाठवत असतील तर नम्रपणे हरकत घ्या. पण घर भरलेलं असूनही परकं वाटू शकतं. आमच्या पहिल्या घरात चार देशांच्या बहिणी होत्या आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्या तिघी आपल्याच भाषेत बोलायच्या. माझ्या आणि तिथल्याच एका तरुण सिस्टरच्या वाट्याला हसणं कशाला चाललंय हे न कळता हसणं आलं. टेबलावर त्या देशाचीच भाषा, हा नियम पहिल्या दिवसापासून मागून घ्या. त्यानं तिथल्या मुलीला कळतं की हे घर तिचं आहे.

दुसरं, फ्रान्सिस झेवियरची एक सवय. १५४६ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्काच्या बेटांवरून त्यांनी सोबत्यांना कळवलं की तुमच्या पत्रांतून तुमच्याच हस्ताक्षरातली नावं कापून मी ती कायम जवळ बाळगतो. पत्र यायला वर्षं लागायची त्या काळात. आज आपल्याकडे रोजचा व्हिडिओ कॉल आहे, आणि मला भेटणाऱ्या मुलींमध्ये मी पाहते की रोज तासभर घरी बोलणारी मुलगी तिथं उतरतच नाही. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, आणि हाताशी ठेवायला काहीतरी कागदाचं. मी आईचं एक पोस्टकार्ड ब्रेव्हिअरीत, म्हणजे रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकात, ठेवलं होतं.

पापनिवेदनाबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. परक्या भाषेत कबूल कसं करायचं या लाजेनं मी पाच महिने गेलेच नाही. मग कळलं की ९९० व्या कलमानुसार दुभाष्यामार्फतही हा संस्कार घेता येतो, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन असतं. मला तेवढं करावं लागलं नाही. आठ वाक्यं पाठ करून गेले. फादरांनी मला समजतील असे मोजके शब्द वापरून, फार हळू, दोन वाक्यं सांगितली. मराठीत मी नेहमी कारणं देत बसायचे. तिथं कारणांसाठी शब्दच नव्हते.

पैशाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात दारात येतो, आणि तो खरा असतो. फी, औषध, शवपेटीचं लाकूड. नकार देताना जीव तुटतो. तरीही पहिलं वर्षभर स्वतःच्या हातानं कुणाला काही देऊ नका, असंच मी सांगते. कोण खरंच अडलेलं आहे हे आपल्याला कळत नाही, शेजारच्यांना कळतं. मागणारा आला की त्याला घेऊन धर्मग्रामाच्या समितीकडे किंवा धर्मशिक्षकाकडे जा, आणि तो माणूस बोलत असेल तोवर तिथं बसून राहा. नुसतं पाठवून देऊ नका. बाहेरच्या कुणी एखाद्या कामासाठी पैसे दिले असतील तर ते त्याच कामाला जायला हवेत, १२६७ वं कलम तेच सांगतं; विहिरीचे पैसे शाळेच्या छपराला गेले तर हेतू कितीही चांगला असला तरी विश्वास जातो. आणि कबूल काही करू नका. “बघते” हा आपला शब्द, त्यांच्या कानाला तो होकार असू शकतो.

उलट बाजू याहून महत्त्वाची. लोक देतील ते घ्या. ज्या घरात मला स्वतःच्या ताटातलं वाढलं त्या घरी सुरुवातीला मी “नको, तुम्हालाच राहू दे” म्हणायचे. दया म्हणून म्हणायचे आणि त्यांना हलकं करायचे.

चालीरीतींबद्दल एकच सांगते. दोन वर्षं कशालाही चांगलं-वाईट म्हणू नका, फक्त विचारा. रोमच्या प्रोपगांडा फिदे या खात्यानं १६५९ साली आशियात निघालेल्या मिशनऱ्यांना ताकीद दिली होती की उघड उघड धर्माविरुद्ध आणि नीतीविरुद्ध नसेल तर लोकांच्या रीती बदलायला जाऊ नका, आणि फ्रान्स, स्पेन, इटली हे देश तिकडं नेऊन लावू नका. न्यायचा तो विश्वास. इतकं स्वच्छ सांगूनही पुढं काय झालं? चिनी लोकांनी आपल्या पूर्वजांना द्यायचा मान हा धर्मविधी की घरगुती आदर, यावर वाद पेटला, १७०४ आणि १७१५ मध्ये बंदी आली, १७४२ मध्ये ती आणखी कडक झाली, आणि १९३९ मध्ये रोमनं बरीचशी उठवली. दोनशेहून जास्त वर्षं. तेवढ्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती माणसांना आपल्या पूर्वजांसमोर वाकता आलं नाही. आपल्या एका घाईच्या मताचा भार कुणाला किती काळ वाहावा लागेल, हे आपल्याला दिसत नसतं.

याला एक अपवाद आहे आणि तो ठाम आहे. लहान मुलाला किंवा दुबळ्या माणसाला इजा होताना दिसली तर ‘इथली रीत’ म्हणून गप्प बसायचं नाही. लैंगिक अत्याचार एखाद्या धर्मगुरूकडून किंवा व्रतस्थाकडून झाल्याचं कळलं तर तो कळवणं पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली फादर-सिस्टर सगळ्यांना बंधनकारक केलं आहे. धर्मप्रांताची नियमावली पहिल्या महिन्यातच मागून वाचा. कुणाकडे तक्रार करायची ते नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा, कारण वेळ येते तेव्हा शोधत बसायला मन थाऱ्यावर नसतं.

पहिल्या सुट्टीवर घरी याल तेव्हा इथंही थोडं परकं वाटेल. लोक दोन मिनिटं विचारतील आणि विषय बदलतील. त्यांच्यावर रागावू नका. एका माणसाला, आध्यात्मिक मार्गदर्शक असो की जुनी मैत्रीण, तीन तास मागून घ्या आणि सगळं सांगा. देवळात बोलायला बोलावलं तर तिथल्या गरिबीचे फोटो दाखवू नका. ज्यांचे फोटो आहेत ते समोर बसलेत असं समजून बोला.

माझ्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत आमच्याकडे तीन नव्या सिस्टर आल्या. प्रत्येकीला मी दुसऱ्या आठवड्यात त्या आजींकडे घेऊन गेले. आजी तोवर फार थकल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसायचं. मी ओळख करून द्यायचे, नवी सिस्टर घाबरून माझ्याकडे बघायची. आजी शेजारची जागा हातानं चाचपून झाडायच्या आणि तिला बसायला सांगायच्या. मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, “तू जा आता. संध्याकाळी ये.”